पालघरची जागा

पुणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय काका,

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. गेल्या रविवारी फोनवर मी तुम्हाला विचारलं, "मी लहानपणी कुठल्या कामात अगदी रमून गेले होते, असं काही आठवतं का?" तुम्ही म्हणालात, "बरं, बरं, तसंच कर." तेव्हाच ठरवलं, की तुमच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं तर पोस्टाने. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय हे मला काकूने सांगितलं आहे. तेव्हा ते उत्तम चाललंय असं उलट टपाली कळवू नका.

आता खरं कारण. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या आम्हा मुलांसाठी संस्थेने एक कार्यशाळा ठेवली होती. विषय एकच, पुढे काय? मुंबईहून आलेल्या बाईंनी विचारलं, "प्राध्यापक कोणाकोणाला व्हायचंय?" जवळजवळ सगळ्यांचे हात वर. मग त्या म्हणाल्या, "आता पहिली रांग सोडून बाकीच्यांनी हात खाली घ्या. जागा तेवढ्याच आहेत." सगळे हसले.

नंतर त्या एकेकाशी बोलल्या. माझं नाव, विषय विचारला. मी सांगितलं, निवट्या. खाडीच्या चिखलात राहणारे, ओहोटीला बाहेर येऊन उड्या मारणारे मासे. त्यांची बिळं, त्यांची संख्या, पाच वर्षांचं काम. त्या म्हणाल्या, "छान. आता मासा बाजूला ठेव. तुला काय येतं?" काका, मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही आलं. मी पाणी प्यायचं नाटक केलं.

त्यांनी घरचा अभ्यास दिला आहे. आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाला पत्र लिहायचं आणि विचारायचं, की मला जीव ओतून काम करताना तुम्ही कधी पाहिलंत. आईबाबांना विचारून उपयोग नाही. बाबा बोईसरजवळ सरावलीत राहून एमआयडीसीतल्या तिन्ही पाळ्या करत होते, आई शिवणकामात, आणि मी शाळेची सगळी वर्षं तारापूरला तुमच्याकडे. मी कशी होते हे तुम्हालाच माहीत.

नीट आठवून लिहा. काकूला नमस्कार.

तुमची
जागृती

*

तारापूर
२८ जानेवारी २०२५

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमनने तुझं पाकीट दिलं तेव्हा त्याच्याच तोंडावर आश्चर्य होतं. मला हल्ली वीजबिल आणि लग्नपत्रिका याखेरीज काही येत नाही. तुझी काकू म्हणाली, "फोडा की, बगत काय बसलात?" फोडलं, वाचलं, आणि त्याच बैठकीत काम पूर्ण केलं. सोबत वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून जोडत आहे. तरी इथेही उतरवतो:

"दाखला देण्यात येतो की, कु. जागृती राऊत हिला मी तिच्या बालपणापासून ओळखतो. ती सुशील, आज्ञाधारक व कष्टाळू असून विज्ञान विषयात तिला विशेष गती आहे. तिची वर्तणूक उत्तम आहे. तिला पुढील वाटचालीस शुभेच्छा. कृष्णकांत राऊत, निवृत्त विज्ञान शिक्षक."

शाळेचा शिक्का आता माझ्याकडे नाही, नाहीतर तोही मारला असता. त्या मुंबईच्या बाईंना एवढा दाखला पुरेसा व्हावा. 'आज्ञाधारक' हे खोटं आहे, पण दाखल्यात ते लिहावंच लागतं.

आता माझी बातमी. चंद्रभान आठवतो का? माझा विद्यार्थी, प्रयोगाच्या तासाला कायम काहीतरी फोडणारा. तो आता पालघरला एका कॉलेजात प्राचार्य झाला आहे. त्याच्याकडे प्राणिशास्त्राची एक जागा निघते आहे आणि ती कायम आहे. मी तुझं नाव काढताच म्हणाला, "सर, तिला अर्ज करायला सांगा." शिफारस वगैरे नाही हं, मुलाखत रीतसर होईल. बोईसरहून दोन स्टेशनं. सकाळी डबा घेऊन जायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी.

वाडीत चिकू भरपूर धरलाय. तुझी खोली काकूने झाडून ठेवली आहे. सहज सांगितलं.

तुझा
काका

*

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

दाखला वाचून आमच्या प्रयोगशाळेतले सगळे पोट धरून हसले. प्रणव तर म्हणाला, मलाही काकांकडून एक मागवून दे, माझी वर्तणूक कोणीच उत्तम म्हणत नाही. हा प्रणव माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, खेकड्यांवर काम करतो.

पण काका, मला दाखला नको होता. मला प्रसंग हवा होता. मी आज्ञाधारक होते की नव्हते हे कोणाला जाणून घ्यायचं नाही. मला कळायला हवंय की मी काय होते.

तुम्हाला वाटत असेल की पोरगी उगाच मनाला लावून घेते. कसं सांगू? प्रबंधाचं शेवटचं प्रकरण महिनाभर तसंच पडलं आहे. बसते, फाईल उघडते, आकडे बरोबर आहेत की नाहीत ते तपासते आणि बंद करते. आमचे मार्गदर्शक म्हणतात, तुझं लक्ष कुठे असतं? मलाही तेच विचारायचंय. निवट्यांचा कंटाळा आला असं नाही. पण आणखी तीस वर्षं निवट्याच, असं मनात आलं की नको वाटतं. मग वाटतं, आपण कृतघ्न आहोत. काकांनी आपल्याला हाताला धरून चिखलात नेलं, आणि आपण आता पाय काढून घेतोय.

पालघरचं वाचलं. नाही म्हणत नाही. पण आधी तुम्ही मला खरं काय ते सांगा.

जागृती

*

तारापूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस,
आशीर्वाद.

बरं बाई, प्रसंग. घे.

तू तिसरीत होतीस. रविवार होता आणि मी तुला लुनावर पुढे उभी करून खाडीवर नेलं होतं. ओहोटी लागली होती. पाणी आत गेलं की तो चिखल कसा चमकतो ते तुला सांगायला नको. तू मला विचारलंस, "काका, हा मासा आहे तर पाण्यात का जात नाही?" मी मास्तर. लगेच कल्ले, त्वचा, श्वसन असं सुरू केलं. तू ऐकलंच नाहीस, सरळ चिखलात उतरलीस. गुडघ्यापर्यंत रुतलीस, दोन्ही चपला गेल्या. मी काठावरून हाका मारतोय आणि तू एका बिळासमोर बसलेली. निवटी आत गेली की तू श्वास धरायचीस, वर आली की सोडायचीस. भरती यायला लागली तेव्हा मी तुला अक्षरशः उपसून काढली.

घरी आलो तर काकूने नेमकं निवट्यांचंच कालवण केलेलं. तू ताटासमोर बसून हमसाहमशी रडलीस. आणि रडत रडत दोन खाल्ल्यास.

तेव्हा आपल्या गावात संध्याकाळ किती मोठी असायची गं! सरावलीकडे तुझ्या बापाच्या खोलीपाशी अजून शेतं होती. बोईसरला जायचं म्हणजे बाजाराचा दिवस बघून जायचं. आणि घरात तुझी बडबड. आता काकू आणि मी समोरासमोर बसून जेवतो. मला ऐकू येत नाही आणि तिला ओरडून बोलायचा कंटाळा.

तर हे तुझं उत्तर. तू त्या चिखलातच जन्माला आल्यासारखी होतीस. तुझी जागा खाडीजवळच आहे. तू प्राध्यापक हो, मुलांना घेऊन त्याच काठावर जा. माझं ऐक, पालघरला अर्ज कर.

काका

*

पुणे
१० एप्रिल २०२५

प्रिय काका,

दीड महिना उत्तर दिलं नाही, रागावू नका. तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. चपला गेल्या ते आठवतं. रडत खाल्लेल्या निवट्याही आठवतात, फार चविष्ट होत्या.

मध्यंतरी इथे एक गंमत झाली. प्रणवला परिषदेत पंधरा मिनिटांचं भाषण होतं. हुशार मुलगा, पण उभा राहिला की सगळं एका दमात सांगायला जातो आणि कोणालाच काही कळत नाही. मी आठवडाभर रोज त्याच्यासमोर बसले आणि विचारत राहिले. हे का? मग काय झालं? तुला पहिल्यांदा शंका कधी आली? परिषदेत त्याचं फार कौतुक झालं. तेव्हापासून माझ्या टेबलापाशी रांग लागते. कोणाला प्रकरण दाखवायचंय, कोणाला मुलाखतीची तयारी करायचीय. आमचे मार्गदर्शक वैतागलेत. म्हणाले, "तू स्वतःचं सोडून दुसऱ्यांचं काय करत बसतेस?" बरोबरच आहे त्यांचं.

त्या मुंबईच्या बाईंच्या कानावर हे गेलं. आमच्या संस्थेत पीएचडीच्या मुलांसाठी एक नवा कक्ष निघतोय. मुलांना लिहायला, बोलायला, पुढची वाट शोधायला मदत करायची. त्याला एक समन्वयक हवा आहे. बाई म्हणाल्या, अर्ज कर. मुदत तीस एप्रिल. तीन वर्षांचा करार, कायम वगैरे काही नाही.

पण मी नाही करणार. तुमच्या पत्राने माझा निर्णय झाला. तुम्ही मला इतकं स्वच्छ सांगितलंत की मी कुठली आहे. रांगेचं काय, ती आज आहे, उद्या नाही. पालघरचा अर्ज परवा पाठवला, मुलाखत बारा मेला आहे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरणही नेट लावून संपवलं.

आता तरी खूश ना? मी खूश आहे की नाही ते कळत नाहीये, पण शांत वाटतंय. निदान तसं वाटायला हवं.

जागृती

*

तारापूर
१७ एप्रिल २०२५

चि. जागृती,

तुझं पत्र काल आलं. मी काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. 'पालघरचा अर्ज पाठवला' इथे मी थांबलो, म्हटलं आता ही टाळी वाजवेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "तुमी तिला ठकीचं लिवलं नाय काय?"

मी म्हणालो, "कोण ठकी? विसरलो."

"विसरलात नाय. तुमी मुद्दाम लिवलं नाय."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आमच्या घरात हे कळायला थोडा वेळ लागतो, पण या वेळी लगेच कळलं. तेव्हा लिहितो.

तू आठवीत होतीस. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन पालघरला होतं. जिल्हा तेव्हा ठाणेच होता. आपण महिनाभर खपून काचेची पेटी केली होती, अर्ध्यात चिखल, अर्ध्यात पाणी, आणि आत जिवंत निवट्या. नंबर आपलाच, असं मी स्टाफरूममध्ये आधीच सांगून बसलो होतो.

आपल्या शेजारच्या टेबलावर डोंगराकडच्या एका आश्रमशाळेची मुलगी होती, ठकी. तिच्यासमोर टोपलीत कडूकंद. रानातला कडू कंद खाण्याजोगा कसा करतात, असा तिचा विषय. परीक्षक आले आणि म्हणाले, "यामागचं वैज्ञानिक तत्त्व सांग." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मला नाय येत बोलाया." ते पुढे सरकले.

तू आपलं टेबल सोडलंस आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसलीस. मला वाटलं, समजूत घालते आहे. पण तू तिला नुसतं विचारत होतीस.

"घरी हे कोण करतं?"

"आजी."

"आजी पहिल्यांदा काय करते?"

"चिरते. पातळ चिरते. मंग राखंत उकळते."

"आणि मग?"

"टोपलीत भरून रातभर व्हाळाच्या पाण्यात ठेवते."

"व्हाळात का? घरी हंड्यात ठेवलं तर?"

ठकी तुझ्याकडे अशी बघायला लागली की तुला एवढंही कळत नाही का. म्हणाली, "हंड्यातलं पाणी तितंच ऱ्हातं. कडू जायाला पाणी वाहाया पायजे."

तू म्हणालीस, "हेच सांग. असंच सांग." मग उठलीस, त्या परीक्षकांच्या मागे धावलीस आणि बाहीला धरून त्यांना परत आणलंस. ठकी बोलली. तिच्या बोलीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. तू तिच्या मागे उभी होतीस आणि तुझे ओठ हलत होते. चिखलात निवटीसमोर बसली होतीस त्याहून तुझा चेहरा त्या दिवशी वेगळा होता. मी इतकी वर्षं मुलं पाहिली, पण तसा चेहरा फार थोड्यांचा पाहिला.

मी हे सगळं जमिनीवर बसून बघत होतो, कारण तू पेटीचं झाकण उघडं टाकून गेली होतीस आणि आपल्या निवट्या बाहेर पडून तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या पायांत उड्या मारत होत्या. ठकीचा नंबर आला, आपला गेला. परतीच्या एसटीत मी तुला बोईसर येईपर्यंत बोललो. "आपलं टेबल सोडून दुसरीकडे जायचं कारणच काय?" तू एवढंच म्हणालीस, "काका, तिला येत होतं सगळं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस.

तू पहिलं पत्र पाठवलंस तेव्हा मला आधी हेच आठवलं. खाडी नंतर आठवली. पण मनात म्हटलं, हे लिहिलं तर ही कुठे जाईल कोण जाणे. खाडीचं लिहिलं तर इथे येईल. तुझे मार्गदर्शक जे बोलले ते वाचलं आणि मला माझाच एसटीतला आवाज ऐकू आला. एरवी मला काही ऐकू येत नाही.

पालघरची जागा तुझ्यासाठी नव्हती गं. ती माझ्यासाठी होती. मला तू घरात हवी होतीस. बोईसरहून दोन स्टेशनं, सकाळी डबा, संध्याकाळी घरी, हे सगळं मी माझ्यासाठी मांडलं होतं आणि तुझ्या गळ्यात घालत होतो. म्हातारपणी माणूस आपल्याच माणसांशी किती लबाडी करतो बघ.

तीस तारखेला अजून अवकाश आहे. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. चंद्रभानला मी स्वतः जाऊन सांगेन, त्याची काळजी करू नकोस. तू अर्ज कर.

काका

*

पुणे
२८ मे २०२५

प्रिय काका,

तुमचं पत्र बावीस एप्रिललाच आलं. मी जिन्यातच उभी राहून वाचलं आणि मग जिन्यातच बसले. प्रणव वरून आला, त्याने नुसतं विचारलं, "घरी सगळं बरं ना?" मी म्हटलं, "फार बरं आहे."

मला त्या दिवसाची फक्त तुमची एसटीतली बोलणी आठवत होती. म्हणून तो दिवस मी हरलेल्या दिवसांत टाकून दिला होता. ठकीचा चेहराही विसरले होते. तुम्ही सगळं जपून ठेवलंत, तिचे शब्दसुद्धा. लबाडी केलीत म्हणता, पण एवढं बारीक कोण आठवणीत ठेवतं?

मी अर्ज केला. चौदा मेला मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, "चांगलं चाललेलं संशोधन सोडून हे कशाला?" मी म्हटलं, "बऱ्याच मुलांना येत असतं सगळं. कोणीतरी नीट विचारायला लागतं." पुढचं मला पाठ नव्हतं, पण बोलत गेले. परवा निवडीचं पत्र आलं. एक जुलैपासून रुजू व्हायचं. प्रबंध गेल्या सोमवारी सादर केला. मार्गदर्शक म्हणाले, "माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला आधी तुझ्याकडे पाठवतो." मला हसू आवरलं नाही.

चंद्रभान सरांचा फोन आला होता. तुम्ही भर उन्हात पालघरला गेलात, त्यांच्या केबिनमध्ये बसून चहा घेतलात, आणि "माझी पुतणी येणार नाही, तिला दुसरं चांगलं काम मिळतंय" असं इतक्या मोठ्याने सांगितलंत की बाहेरच्या कारकुनांनीसुद्धा ऐकलं. तेव्हा माझी निवडही झाली नव्हती, काका!

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला सलत राहिलं. मी घरात हवी होते, म्हणून तुम्ही माझ्यासाठी कॉलेज शोधलंत, प्राचार्य शोधलात, कायमची जागा शोधलीत. मला बोलवायला एवढं सगळं कशाला लागतं? मी काय पाहुणी आहे? रुजू होईपर्यंत माझ्याकडे जवळजवळ महिना मोकळा आहे. तुम्ही पुन्हा चिकूचं, खोली झाडल्याचं काही लिहू नका. निमित्त काढू नका. फक्त 'ये' एवढं लिहा.

जागृती

*

तारापूर
४ जून २०२५

चि. जागृती,

ये.

काका